प्रणाली वहिनीचे चीज बॉल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलमध्ये माझ्याच खोलीत राहिलेल्या मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. माणूस समोर बसलं की माझं अर्धं वाक्य घशातच राहतं — आणि या गोष्टीचं अर्धं सांगून चालणार नाही.

पण आधीच सांगून ठेवते, ही रडगाण्याची गोष्ट नाही. हिच्यात कढई आहे, गर्दी आहे, लाउडस्पीकर आहे, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय आहे. खरंच आहे. त्या संध्याकाळची आठवण आली की आजही माझी मान ताठ होते. अडचण इतकीच, की ताठ झालेली मान मला लगेच खाली घालावी लागते. का — तेच सांगायचं आहे. जरा फिरून सांगेन. थेट सांगता आलं असतं तर इतकी वर्षं गेली असती का?

मी बल्लारपूरची. बाबा पेपर मिलमध्ये. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, आणि पहिलीत असताना मी बाईंना "मले पाणी पाह्यजे" असं म्हणाले. वर्ग हसला. बाईही हसल्या, प्रेमानंच. त्यानंतर मी शाळेत बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. कोण काय आणतं डब्यात, कुणाचे शब्द कसे आहेत, कुणाच्या मामाचं घर कसं आहे. श्रेया नावाची एक मैत्रीण होती, जवळची म्हणता येईल अशी एकुलती एक. तिचे बाबा कोळसा खाणीत मोठे अधिकारी. तिला मी एकदा सांगितलं होतं की माझ्या मामाचं सिंदेवाहीकडे फार्महाऊस आहे. मामाचं शेत होतं, धानाचं. घरही होतं. दोन्ही मिळून फार्महाऊस होतं असं म्हणता येईल का? मी म्हटलं होतं.

त्या गावाला आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर जायचो, मंडईला. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या एकेका गावाची मंडई लागते — जत्राच म्हणा. दुपारपासून दुकानं, पाळणे, रात्री नाटक. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांकडे जाता येतं. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात. घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि ज्याच्या घरी फ्रिज असतो त्याच्या फ्रिजमध्ये बोट घालायला जागा नसते, कारण त्यात अख्ख्या गल्लीचं सामान असतं. कुणाची मासोळी, कुणाचं दही, कुणाचं मसाला लावलेलं कोंबडं. मामीचा फ्रिज तसा होता.

त्या वर्षी मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आणि त्या वर्षी मामाच्या घरात एक माणूस नवं होतं — प्रणाली वहिनी, माझ्या मामेभावाची बायको. माहेर आरमोरीकडचं. लग्नानंतरची तिची पहिली मंडई. उंच, सावळी, भराभरा चालणारी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, तरी मला "मीनलताई" आणि "तुम्ही" म्हणायची. नणंद ना मी.

वहिनीच्या डोक्यात एक गोष्ट होती. मामाच्या घराला रस्त्याच्या बाजूने ओसरी आहे, समोरच एसटी थांबते. तिथे तिला नाश्त्याचं दुकान टाकायचं होतं. मामा तयार होता. मामी नव्हती. मामीचं म्हणणं, गावात दोन आलूबोंड्याची दुकानं आहेतच, तिसरं कोण खाते? शेवटी सासू-सुनेत ठरलं असं — मंडईत घरासमोर एक दिवस कढई मांडायची. गावात कुणी करत नाही असं काहीतरी करून दाखवायचं. चाललं तर ओसरी वहिनीची. नाही चाललं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

वहिनीनं निवडले चीज बॉल. फोनवर पाहून, घरी करून, मोडून, पुन्हा करून तिनं ते बसवले होते. चीज मी बल्लारपूरहून नेलं, गोंदिया पॅसेंजरमध्ये, थंड पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये गुंडाळून मांडीवर धरून. मी पोचले त्या रात्री तिनं मला करून खाऊ घातले. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, सांबार — म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सांबारच म्हणतात — मिरपूड, आणि मधोमध चीजचा तुकडा. वरून मैद्याच्या घोळात बुडवून टोस्टच्या चुऱ्यात घोळवलेला गोळा. तो फ्रिजमध्ये कडक होऊ द्यायचा आणि थंडगार असतानाच तेलात सोडायचा. सगळी मेख त्या थंडपणात. गोळा गार असला की बाहेरचं कवच आधी तयार होतं आणि आतलं चीज मागाहून वितळतं. गोळा कोमट असला की चीज आधी वितळतं, फट शोधतं, आणि बाहेर येतं.

हे मला तिनंच समजावून सांगितलं. लक्षात ठेवा.

आणि मग ती म्हणाली, "ताई, उद्या तुम्ही माह्या बाजूले उभ्या राहाल का? काही करू नोका. नुसतं लोकायले सांगा हे काय व्हय ते. तुमाले इंग्रजी येते, तुमचं ऐकतीन लोक."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाचा मेसेज आला. रात्रीच्या नाटकाच्या उद्घाटनाला तिचे बाबा पाहुणे होते, आणि ती सोबत येत होती. तिच्या शब्दांत — मामाचं फार्महाऊस बघायला.

आता तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? वहिनीला म्हणायचं, मला नाही जमणार. इतकं सोपं. ती हसून म्हणाली असती, बरं ताई. पण मला नाही म्हणता येत नाही. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, जी सगळ्याला हो म्हणतात आणि लोकांना वाटतं, किती गुणी मुलगी. गुणी नसतात ती. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. इतर पुष्कळ गोष्टी तोंड न उघडता करता येतात.

दुपारी जेवणं झाली. वहिनी पाहुण्यांची भांडी घेऊन मागच्या अंगणात गेली. स्वयंपाकघरात मी एकटी होते. शेजारची काकू मासोळीचं भगुणं घेऊन आली, म्हणाली, "बाई, हे ठेव वं थोडं फ्रिजमंधी," आणि निघून गेली. फ्रिजमध्ये जागा नव्हती. म्हणून मी चीज बॉलचं ताट बाहेर काढलं —

थांबा. हे खोटं आहे. बघा, इतक्या वर्षांनीही कारण कसं हाताशी तयार असतं. भगुणं आलं हे खरं. पण ते दह्याच्या भांड्याखाली बसलं असतं; मी बसवलंसुद्धा. फ्रिजचं दार लावलं. मग पुन्हा उघडलं. आणि मग ताट काढलं.

काढून ते चुलीमागच्या फळीवर ठेवलं. चुलीवर पाहुण्यांसाठी पाणी तापत होतं. वर स्वच्छ पंचा टाकला, माशा बसू नयेत म्हणून. हो, माशांची काळजी घेतली मी. दुपार सरेपर्यंत ते तिथं राहिलं. वहिनीची पावलं अंगणातून आत येताना ऐकू आली तेव्हा मी ते उचलून पुन्हा फ्रिजमध्ये सरकवलं. वरून गोळे जसेच्या तसे दिसत होते. एकाला बोट लावून पाहिलं. बोट आत गेलं.

माझा हिशेब असा होता की शेगडी बाहेर नेण्याआधी वहिनी एक-दोन तळून बघेल, ते फुटतील, आणि कढई मांडण्याचा बेत घरातल्या घरात रद्द होईल. कुणाला कळणार नाही, कुणी हसणार नाही, आणि मला श्रेयासमोर कढईशेजारी उभं राहून लोकांना हाका माराव्या लागणार नाहीत. वहिनीच्या ओसरीचं काय? आला होता तो विचार. मी तो बाजूला ठेवला, भगुण्यासारखा.

पण वहिनीनं तळून बघितलं नाही. इतक्या वेळा जमलेली गोष्ट पुन्हा कशाला बघायची? गोळे पुन्हा गार व्हायच्या आतच, दिवस कलता कलता, तिनं थेट घरासमोर शेगडी पेटवली, कढई ठेवली, तेल तापवलं. मी बाजूला उभी. गल्लीतून माणसांची रांग वाहत होती — नवे कपडे, पिपाण्या, फुगे, खांद्यावर बसलेली लेकरं. नाटकाच्या मंडपातून लाउडस्पीकर ओरडत होता. पाच-सहा बाया थांबल्या. मामी खुर्ची टाकून बसली होती, बघायला.

"हे काय व्हय वं, प्रणाली?"

"चीज बॉल, काकू."

"बाल? कोनाचे बाल?"

बाया हसल्या. वहिनीही हसली, आणि तिनं पहिला घाणा तेलात सोडला.

जे झालं ते तुम्हाला आधीच कळलं आहे. पहिला गोळा फाटला तेव्हा फट् असा आवाज आला. मग दुसरा. मग सगळेच. चीज तेलात सुटून चरचरू लागलं, तेल उडालं, वहिनीच्या मनगटावर पडलं. तिनं हात झटकला नाही. झाऱ्यानं उरलेले गोळे काढायला गेली तर चीजच्या तारा निघाल्या, लांबच लांब, आणि एक आजोबा म्हणाले, "हे तं शेवयावानी लांबून राह्यलं. दुधाचं व्हय का रबराचं?" पुन्हा हशा. आणि मामी खुर्चीतून उठली.

"तुले म्हटलं होतं मी, आलूबोंडे कर. हाताले गुण पाह्यजे ना! फुटून राह्यले, काऊन फुटून राह्यले सांग? हातच तसा हाय तुहा!"

गल्लीसमोर. पाहुण्यांसमोर. पहिल्या मंडईला.

वहिनी ताटाकडे बघत होती. एक गोळा हातात घेऊन दाबून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं; प्रश्न होता. काय चुकलं आपलं? ती मनात सगळं पहिल्यापासून पुन्हा करत होती, मला दिसत होतं. मी बघण्यात पटाईत, सांगितलं ना. आणि त्याच वेळी गर्दीतून कुणीतरी इंग्रजीत माझ्या नावानं हाक मारली. श्रेया. अगदी समोर.

इथे मला म्हणता आलं असतं की वहिनीची दया येऊन मी पुढे झाले. आली होती दया, थोडी. पण खरं म्हणजे पळायला जागा उरली नव्हती. मागे भिंत, पुढे शेगडी, बाजूला मामी, समोर श्रेया. लपायचं सगळं संपलं की माणसात एक विचित्र मोकळेपणा येतो. मी वहिनीच्या हातातून झारा घेतला. आणि मी — जिनं पहिलीपासून चारचौघांत आवाज चढवला नव्हता — अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेगडी बारीक करा! गोळे गरम झाले आहेत. थंड केले की फुटणार नाहीत. कुणी जाऊ नका!"

लोक थांबले. खरंच थांबले.

ताट उचललं आणि समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडे गेले. त्याची बर्फाची पेटी होती. म्हटलं, भाऊ, बाटल्या सरकवा. तो म्हणाला, "अवो बाई, धंद्याचा टाइम हाय." मी म्हटलं, माझाही आहे. आणि त्यानं बाटल्या सरकवल्या! तो क्षण मी आजही मनात उघडून बघते. सगळे गोळे बर्फावर. तोवर परत येऊन घोळ घट्ट केला. मैदा संपलेला, तर घरातलं तांदळाचं पीठ घेतलं. धानाच्या मुलखात ते कमी पडत नाही. टोस्टचा चुरा संपला होता. वहिनी शेजारी उभी होती, मनगटाला ओला फडका बांधून. हळूच म्हणाली, "ताई, नव्या धानाचे पोहे हायेत घरी. चुरून आणू का?"

आणा, मी म्हटलं.

बर्फावरून आलेला गोळा पिठाच्या घोळात, मग पोह्यांच्या चुऱ्यात, पुन्हा घोळात, पुन्हा पोह्यांत. तेल मध्यम. एका वेळी मोजकेच. सोडल्यावर झारा लावायचा नाही, कवच धरेपर्यंत हात आवरायचा. मी कढईकडे बघत होते आणि ऐकत होते. फट् आवाज आला नाही. गोळे फिरले, पिवळे झाले, मग सोनेरी. पोहे फुलून त्यांच्यावर काटे उभे राहिले होते. बाहेर काढले. पहिला मी त्या आजोबांना दिला. त्यांनी फुंकर मारली, चावा घेतला, कुर्रर्र आवाज झाला, आणि मिशीला चीजची तार लागली.

"आयहाय," ते म्हणाले. "दे वं आनखी एक."

मग काय विचारता! गर्दी कढईवर पडली. हशा करणाऱ्या बायांनी पहिली रांग धरली. लेकरं दोन-दोनदा आली. श्रेयानं हातरुमालात धरून खाल्ला आणि मला इंग्रजीत म्हणाली की हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात भारी काहीतरी आहे. आणि मी तिला सांगितलं, मराठीत, हे माझ्या मामाचं घर, हेच, फार्महाऊस वगैरे काही नाही. ती म्हणाली, मग काय झालं? खरंच, काय झालं होतं? काही नाही. मंडपातला माणूस एक खाऊन गेला आणि लाउडस्पीकरवर घोषणा झाली, "बल्लारपूरच्या इंग्लिश मिडियमच्या मीनलताई यांचे चीज बॉल, एक वेळ अवश्य भेट द्या!" मी घामानं निथळत होते, केसांना पीठ लागलं होतं, आणि मला वाटत होतं आपण उंच झालो आहोत. नाटकाचा पडदा उघडायच्या आत ताट रिकामं झालं.

मला रोग क्षणात कळला म्हणून सगळ्यांना कौतुक. का नसता कळला? दिलाही मीच होता.

मामीनं मला जवळ ओढून गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. म्हणाली, "माह्या भाचीनं लाज राखली. नाई तं या बाईनं नाक कापलं होतं." वहिनी तिथंच उभी होती, कढई घासायला उचलत होती. माझ्याकडे बघून हसली. मनापासून. मला बोलायला किती वेळ लागला असता? मामी, ताट मी काढलं होतं. इतकंच. तास-दोन तासांपूर्वी ज्या तोंडानं मी सगळ्या गल्लीला थांबवलं होतं, ते तोंड होतंच की माझ्याकडे. आता लाजाळूपणाचं कारणही उरलं नव्हतं.

मी गप्प बसले. आणि मला — हेही सांगते — तेव्हा वाईट वाटत नव्हतं. छान वाटत होतं.

ओसरी वहिनीला मिळाली नाही, तिथं धानाची पोती लागली. वहिनीनं विषय काढला नाही. ठरलंच तसं होतं. पुढल्या मंडईला मामीचा फोन आला, चीज घेऊन ये, तुह्या हातानंच होते ते. मी गेले. त्याच्या पुढल्या वर्षीही गेले. दरवर्षी कढईवर मी, आणि वहिनी मागे बसून बटाटे सोलायची. गोळ्याला तिला हात लावू द्यायची नाही मामी. "प्रणालीचे फुटतात, मीनलचे टिकतात" — हे घरात पाण्याचा माठ कुठे आहे इतक्या सहज सांगितलं जायचं, नव्या पाहुण्याला, जावयाला, वहिनीच्याच लेकराला. पोह्यांची कल्पना तिची होती हे तर मीही विसरत चालले होते. लोक विचारायचे, पोहे कसे सुचले? मी हसायचे. हसण्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

ताट काढलं ती एका दुपारची गोष्ट. गप्प बसणं मात्र मी दरवर्षी नव्यानं केलं, चीज विकत घेऊन, गाडीत बसून, ठरवून. यातली मोठी चूक कोणती, ते मला कुणी सांगायची गरज नाही.

यंदा वहिनीनं मला तिच्या माहेरच्या मंडईला बोलावलं. गावाचा दिवस मामाच्या गावानंतर आठवड्याभराने होता. मी नागपूरहून, नोकरीच्या ठिकाणाहून, सुट्टी काढून गेले. बसमधून उतरले तर तिच्या भावाच्या घरासमोर मांडव, मांडवात शेगडी, शेगडीवर माझ्या मापानं दुप्पट मोठी कढई, आणि कढईमागे वहिनी. पदर खोचलेला. मागे पाटीवर खडूनं लिहिलेलं, चीज बॉल. इथे तिच्या हाताबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. इथे ती नुसती या गावची लेक होती. शेजारच्या बाया तिला ओरडून विचारत होत्या, "प्रणू, झाले का वं? किती वाट पाह्याची!" आणि ती ओरडून उत्तर देत होती, "बर्फ होऊ दे ना वं काकी, मंग देतो!" या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग तिनं मला पुढे ओढलं. माझा दंड धरून सगळ्यांना सांगितलं, "ह्या माह्या नणंद, मीनलताई. यायनंच शिकवलं मले." आणि मला, हळू आवाजात, "त्या दिवशी तुम्ही नसत्या ना ताई, तं मी कढईले पुन्हा हातच नसता लावला. पुढच्या महिन्यात इथीच टाकून राह्यलो आम्ही दुकान, भावाच्या जागेत. आमचे हे बी येऊन राह्यले."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. डाग अजून आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. तिथेही नाही सांगितलं. पण ती छापलेलं सगळं वाचते, पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते, आणि इथे मी कुणाचंही नाव बदललेलं नाही.

तिनं झारा माझ्यापुढे केला. "पह्यला घाणा तुम्ही सोडा."

मी म्हटलं, नाही. स्पष्ट म्हटलं. तुम्हीच सोडा. तिला तो माझा मोठेपणा वाटला. चारचौघांत तसं म्हणालीही. तो मोठेपणा नव्हता.

ती कढईशी वाकली. गोळे तिनं एकेक करून सोडले, काठावरून, तेलाला न दुखवता. झारा लावला नाही. हात आवरून उभी राहिली. पोहे फुलले, काटे उभे राहिले, सोनेरी रंग आला. मांडवात शिट्ट्या वाजल्या, तिच्या भावाच्या पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि वहिनीनं भरलेला झारा वर उचलून सगळ्यांना दाखवला.

एकही फुटला नाही. त्या दिवशीही एकही फुटला नसता.